‘हिजव’ची व्युत्पत्ती

३ मार्च, सोमवार. सकाळी सात.
संकल्प : या आठवड्यात आईची कवळी पूर्ण करणे. मी दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवतो आणि माझ्याच आईच्या तोंडाचं चार महिने बोळकं, हे बरं दिसत नाही. तिचा प्लास्टरचा साचा तयार आहे. मेणात दात बसवायचे तेवढे राहिलेत. दोन संध्याकाळचं काम.

४ मार्च.
बाहेरची तीन कामं आली. घरच्या कामात घाई करून चालत नाही.

५ मार्च. दुपारी.
अपूर्व! गाजराची बशी सरकवत आई म्हणाली, हिजव रे. पुन्हा म्हणायला सांगितलं. हिजव. तिसऱ्यांदा सांगितलं तर भिंतीकडे तोंड करून बसली. घरातले तिन्ही कोश पाहिले, शब्द नाही. उद्या शब्दमंडळात ठेवतो.

६ मार्च, गुरुवार.
मंडळ डॉक्टरीणबाईंच्या दातांच्या दवाखान्यात भरतं, शेवटचा पेशंट गेल्यावर. आम्ही तिघंच, पण पक्के. त्या, मी आणि निवृत्त टायपिस्ट, ज्यांना आम्ही वेलांटी म्हणतो. वेलांटी पेशंटच्या खुर्चीत आडवे होऊन म्हणाले, थिजणं आणि झिजणं यांच्या मधलं काहीतरी आहे हे. डॉक्टरीणबाईंना भूल दिलेला ओठ आठवला; असतो आपलाच, पण हाताला परका लागतो. मला बाबा गेल्यानंतरचं आमचं घर आठवलं. ते बोललो नाही. ठरलं : हिजणे म्हणजे हळूहळू बधिर होणे. वेलांटी म्हणाले, म्हणजे आई तुम्हाला म्हणाल्या, मला बधिर कर. ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. फार चांगली बैठक.
निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आईंची कवळी कुठवर आली? म्हटलं, मेणात आहे. मेण आणलेलं आहे.

११ मार्च.
आई हल्ली घड्याळ कोपराजवळ घालते. हौस एकेकाची. वजन एक्केचाळीस किलो. आमच्या काट्यावर माझा विश्वास नाही.

१४ मार्च.
‘हिजव’वरचं टिपण नऊ पानं झालं. कवळी पुढच्या सोमवारी, नक्की. आत्ताच बसवली आणि आईचे उच्चार बदलले तर अभ्यासाचं नुकसान, हाही विचार करायला हवा.

२० मार्च, गुरुवार.
‘हिजका’ हे विशेषण आज सिद्ध झालं. वेलांटी म्हणाले, आमचा साहेब हिजका होता, समोर माणूस रडत असला तरी स्वल्पविराम शोधायचा. मी खूप हसलो. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या.

२३ मार्च, रविवार.
धाकटी बहीण आली. आईनं बटाटा बाजूला सारला, हिजव म्हणाली. मी बहिणीला अर्थ समजावला, छटांसकट. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग उठली, बटाटा पातेल्यात टाकला, गॅस पेटवला. म्हणाली, दादा, ती शिजव म्हणतेय. ‘श’ म्हणायला तिला दात नाहीत.
आईनं बशी चाटून पुसून संपवली.
शक्यता नाकारता येत नाही. तरी एकाच उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये.
बहीण आईला घेऊन गेली. चार दिवसांसाठी, म्हणे. बॅग मोठी होती.

२४ मार्च, सोमवार.
कवळीला हात घातला. ठरल्याप्रमाणे सोमवारीच. वरची ओळ मेणात बसवली. समोरचे दोन दात किंचित तिरके ठेवले, तिचे होते तसे. फोटो बघावा लागला नाही. खालची ओळ उद्या.

२७ मार्च, गुरुवार.
मंडळाला निरोप पाठवला, कामात आहे. खालची ओळ उद्या.

२ एप्रिल, बुधवार.
पूर्ण झाली. पॉलिश करून पाण्याच्या डबीत ठेवली. बहिणीला फोन केला, रविवारी घेऊन येतो. ती म्हणाली, अरे, इकडच्या माणसानं बसवलीसुद्धा, पाच दिवसांत. उगाच हेलपाटा नको घालूस. मग तिनं फोन आईकडे दिला. आई म्हणाली, सावकाश जेवतेय, नंतर सांगते सगळं. आणि फोन बंद झाला.
एकेक ‘स’, एकेक ‘श’ स्वच्छ होता. मी सवयीनं पेन उचललं होतं. लिहून ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं.