शेजारी मामाला बसव

ठमे,

लर्निंग लायसन्सचा अर्ज फ्रिजवर ठेवलाय, जन्मदाखला आतच आहे. वडिलांच्या नावाचा रकाना मीच भरलाय. अक्षर रकान्याबाहेर गेलं असेल तर चिडू नकोस.

गाडी शिकवायला मात्र मामाला सांग. शेजारी बसणाऱ्याकडे चालू लायसन्स लागतं, आणि माझं तीन महिन्यांपूर्वी काढून घेतलं. इतकी वर्षं डोळ्यांच्या तपासणीचा तक्ता पाठ करून जात होतो. यंदा मेल्यांनी तक्ताच बदलला. रोज युनिफॉर्म चढवून निघतो, तो डेपोत बस चालवायला नाही, धुवायला. आईला संध्याकाळी मीच सांगेन, तू मध्ये पडू नकोस.

माझ्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायचीस, तेव्हा शब्द दिला होता की तुला मीच शिकवणार. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून तू उठायच्या आत निघालो.

तुझे डोळे तपासतील तेव्हा दिसेल तेवढंच सांग. बापाची हुशारी करू नकोस.

फोटो मीच चिकटवलाय. सरळ लागलाय का बघ. छानच आला असेल.

बाबा