न रडणारा म्हातारा

११ जानेवारी
हर्षलचा दहावा. सकाळी सगळे गिरणेवर. पिंड ठेवले. कावळे समोरच्या झाडावर, खाली येईनात. गुरुजी म्हणाले, पोराची काही इच्छा राहिली असेल तर बोला. बाप म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले.
काय राहिलंय ते मला माहीत होतं. दवाखान्यात दोनदा म्हणाला होता, पप्पा, गेमच्या शेवटाचं एक विचारायचं होतं. दोन्ही वेळा मी म्हणालो, आधी बरा हो.
हात जोडले आणि म्हणालो, तुझ्या बहिणीचं, प्राजूचं लग्न चांगलं करून देईन. कावळा हलला नाही. बायकोचे, मंगलाचे थोरले भाऊ, फैजपूरचे नाना, शेजारी उभे होते. म्हणाले, आईला सांभाळीन म्हणा. तेही म्हणालो. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला.
एवढ्या माणसांत ‘गेम’ हा शब्द तोंडातून निघाला नाही. सगळ्यांना माहीत ते एवढंच, की पोरगा धुळ्याला कंपनीत होता. कंपनी म्हणजे गेम बनवणारे तीन जण आणि एक भाड्याची खोली. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

१३ जाने.
गंधमुक्ती. दारात मंडप. दुपारी धुळ्याहून दोघं आली. इम्रान, गेमची चित्रं काढतो. स्नेहल, कॉम्प्युटरचं बघते. गेममधली गोष्ट हर्षल लिहायचा. इम्रान माझ्याजवळ बसून राहिला. डोळे सुजलेले.
नानांनी विचारलं, “हे पोरं कोन आहेत, पाव्हने?”
मी म्हणालो, कंपनीतले. त्याच्या हाताखालचे.
‘हाताखालचे’ कशाला म्हणालो, माझं मला कळेना. इम्रानने ऐकलं. थोड्या वेळाने उठला आणि पंगतीत पाणी वाढायला लागला.
बायकांत कुजबुज, बाप रडला नाही म्हणून. नाना जेवताना सरळच म्हणाले, “तुमी दगडाचे आहे का हो? मोकळं व्हा ना एकदा.” खरं आहे. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही. चारचौघांत बरं दिसेना म्हणून डोळ्यांना रुमाल लावला. कोरडाच घडी करून खिशात ठेवला.
निघताना स्नेहलने विचारलं, काका, शेवटच्या भागाबद्दल तो तुम्हाला काही बोलला होता का? ‘नाही’ म्हणालो.

१९ जाने.
पाइपच्या कारखान्यात कामावर गेलो. पाइपात पाणी भरून दाब द्यायचा, गळतो का बघायचं. या कामात कुणाशी बोलावं लागत नाही, ते बरं.
इम्रानने गेमची गोष्ट मोबाइलवर पाठवली. डबा खाताना वाचली. उत्तरेकडच्या बर्फाच्या देशातले जुने देव. मोठा देव ओडिन, एका डोळ्याचा. दुसरा डोळा शहाणपणाच्या बदल्यात विहिरीत दिलेला. लढाईत मेलेले त्याच्या महालात जातात, दिवसभर लढतात, संध्याकाळी पुन्हा उठून एका पंगतीला बसतात. आजाराने मेलेले मात्र खाली, हेल नावाच्या राणीकडे. तिथे शिक्षा नाही. नुसता गारठा.
डबा बंद केला.
घरी येऊन पुढचं वाचलं. हर्षलने इथे बदल केलाय. त्याच्या खेळात खाटेवर मेलेल्यांचीही पलटण आहे, आणि शेवटच्या लढाईत देवांच्या बाजूने तीच आधी उठते. हे आजारी पडायच्या बरंच आधी लिहिलेलं, असं इम्रान म्हणतो.

२२ जाने.
ती शेवटची लढाई देव हरणार. हे देवांना पहिल्यापासून माहीत. कोण कुणाच्या हातून मरणार तेसुद्धा. तरी ओडिन तयारी सोडत नाही. मला पटेना. आपल्याकडे लढणाऱ्याला निदान सांगतात, मेलास तर स्वर्ग, जिंकलास तर राज्य. इथे तेही नाही.
इम्रानला फोन करून विचारलं, मग लढायचं कशाला? तो म्हणाला, “काका, हर्षल म्हणायचा, जिंकणार हे माहीत असेल तर ती नोकरी झाली. हरणार हे माहीत असून सकाळी उठतो, तो खरा.”
मी हर्षलला कायम विचारायचो, याच्यात पुढे काय? तो म्हणायचा, पुढे काही नाही, पप्पा. मला वाटायचं आळशी आहे. भाच्यांची उदाहरणं द्यायचो. तो ऐकून घ्यायचा.

२६ जाने.
सुट्टी. मंगलाला कामाचं सांगून धुळ्याला गेलो. एसटी पारोळ्याला बराच वेळ थांबली. धुळ्यात रिक्षावाला म्हणाला, “कोठे जानं शे, आबा?” पोराच्या ऑफिसात म्हणालो. पहिल्यांदाच.
देवपुरात किराणा दुकानावरची खोली. त्याची खुर्ची रिकामी ठेवलेली. मला तीच दिली.
स्नेहलने शेवटचा भाग लावला. बाल्डर हा सगळ्यांचा लाडका देव. याला मारणार नाही अशी शपथ त्याच्या आईने लोखंड, दगड, विष, आजार, सगळ्यांकडून घेतलेली. एक बांडगूळ लहान म्हणून सोडलं, त्याच्याच काडीने तो मेला. हेल म्हणते, जगातल्या प्रत्येकाने रडून दाखवा, मी परत पाठवते. मग खेळणाऱ्याने आसवं गोळा करायला तांब्या घेऊन गावोगाव फिरायचं. झाडं रडतात, दगड रडतात. शेवटी एक गुहा. जुन्या गोष्टीत तिथे एक म्हातारी आहे. ती मुद्दाम रडत नाही. म्हातारीच्या वेषात लोकी नावाचा कपटी देव असतो म्हणतात. तिच्यापायी बाल्डर खालीच राहतो.
हर्षलने तिथे म्हातारा ठेवलाय. खिशाला दोन पेनं. पाठमोरा, नळीला कान लावून पाणी ऐकत बसलेला. काहीही सांगा, “बरं” म्हणतो.
मी घरातल्या नळाला कान लावतो यावरून मंगला आणि पोरं हसायची.
इम्रान उठून जवळ आला. “काका, माफ करा. दवाखान्यातून त्यानेच असं पाठवलं होतं. आम्ही बदलतो. म्हातारीच करतो.”
मी विचारलं, हा वाईट आहे का?
स्नेहल म्हणाली, “तेच तर अडलंय. हर्षल म्हणाला, हा कपटी नाही. मग रडत का नाही, मी विचारलं. म्हणाला, मला माहीत नाही, पप्पांना विचारून सांगतो.”
मी बरं म्हणालो. म्हणजे तेवढंच आलं तोंडातून. स्नेहल दुसरीकडे बघायला लागली.
खाली चहा घेताना इम्रानला सांगितलं, त्या दिवशी हाताखालचे म्हणालो, ते चुकलं. तो म्हणाला, “जाऊ द्या काका. तो मला रोज तेच म्हणायचा.” हसला, मग रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता.

२ फेब्रुवारी
नानांना फोन केला. हर्षल गेमची गोष्ट लिहायचा, ती पोरं त्याच्या बरोबरीची, दहाव्याला हेच बोलायचं होतं, सगळं सांगितलं. नाना म्हणाले, “मोबाइलवरचा गेम का? आमचा नातू दिवसभर तेच करे. मंग सांगितलं काहून नाही? पोराले दाखवलं असतं.” आणि केळीला थंडी लागली ते सांगत बसले.
एवढंच होतं ते. एवढ्याचसाठी इतकी वर्षं लपवलं.

५ फेब्रु.
इम्रानला कळवलं, म्हातारा बदलू नका. पेनंही राहू द्या. तो म्हणाला, लोक त्याला शिव्या देतील, काका. म्हणालो, देऊ द्या. त्याच्यामुळे पोरगा परत येत नाही, तर देणारच.
पण तो का रडत नाही, हे त्यांना हवंय. एका वाक्यात. त्याचं मन दगडाचं आहे? नाही, दगड रडले. त्याला राग आहे? नाही. रडला तर पोरगा गेला हे मान्य केलं असं होईल म्हणून? हे बरं वाटलं, पण कुठल्या तरी कीर्तनात शोभेल असं. माझ्या बाबतीत खरं नाही. मी मान्य केलंय. मृत्यूच्या दाखल्यासाठी सही केली.

९ फेब्रु.
स्नेहलचा फोन. भाग पूर्ण करायचाय, वाक्य सुचलं का? नाही म्हणालो. या वेळी ते खरं होतं.
मग विचारलं, खेळणारा त्या म्हाताऱ्यापुढे किती वेळ थांबू शकतो?
“हवा तेवढा. आपण हाकलत नाही कुणाला.”
“मग थांबू द्या,” म्हणालो. “तो बोलेल तेव्हा बोलेल.”
ती हो म्हणाली. पटलं की नाही, कळलं नाही.
फोन ठेवला तर मंगला दारात उभी. म्हणाली, कोण बोलेल? कुणाशी बोलत होतात?
धुळ्याचं तिला अजून काहीच सांगितलेलं नाही. म्हाताऱ्याचं तर नाहीच. खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, बस.