उलटलेला बाण

अम्मान,
गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रिय सौसनखाला,

सलाम. गुडघा काय म्हणतो? सल्तचा तो चढ तुम्ही अजून पायीच चढता, असं तुमच्या भाचीकडून कळलं. तुम्हाला अडवणार तरी कोण म्हणा. यंदा ऑलिव्हचं तेल कसं उतरलं? आमच्याकडे आईचं बरं आहे. सौसन हल्ली येत का नाही, असं मधूनमधून विचारते आणि मी विषय बदलते.

सात वर्षांत एक ओळ धाडली नाही आणि आज एकदम पत्र, तेही कागदावर. म्हणजे पोरीचं काहीतरी अडलं असणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. सांगते. आधी बातम्या.

या मंगळवारी-बुधवारी आपल्या पुस्तिका लिहिणाऱ्या लोकांचं संमेलन झालं. मी ब्लॉगसाठी गेले होते. हो, अजून लिहिते. भाषण ऐकता ऐकता टिपायचं आणि चहाच्या सुट्टीत ब्लॉगवर टाकायचं, म्हणजे येऊ न शकलेले घरबसल्या वाचतात. जगाला यंत्रं कशी वापरायची ते समजावणारी दोनशे माणसं एका छताखाली, आणि सभागृहाकडे जायची पाटी आम्हाला थेट भटारखान्यात घेऊन गेली. तुम्ही असता तर पर्समधून पेन काढून तिथेच दुरुस्त केली असती.

कॉफी बरी होती. वेलची जरा जास्त.

काल सकाळी बैरूतहून आलेल्या नदीम नावाच्या तरुणाचं भाषण होतं, इंग्रजी पुस्तिका अरबीत आणताना होणाऱ्या चुकांवर. त्याने पडद्यावर एक पान दाखवलं. कंपनीचं नाव काळ्या पट्टीने झाकलं होतं, पण मी ते पान झोपेतही ओळखेन. खोली गरम करायच्या आपल्या गॅसच्या शेगडीचं. पान चौदा.

"इंग्रजी डावीकडून, आपली अरबी उजवीकडून," नदीम म्हणाला, "म्हणून यांनी अख्खं पान आरशासारखं फिरवलं. त्याबरोबर चित्रातला बाणही फिरला. गॅस बंद करायला म्हणून माणूस बाणाकडे बघून बटण फिरवतो, आणि गॅस आणखी सुटतो. लिहिणाऱ्याने स्वतःच्या घरी नक्कीच चूल ठेवली असणार."

सगळे हसले. माझ्या शेजारची बाई कानाशी लागली. "हे त्या सौसनबाईंचं ना? म्हातारपणी दिसत नसेल गं. वेळेवर घरी बसायचं तर."

माझी बोटं चालूच होती. नदीमचा विनोद जसाच्या तसा टिपला आणि चहाच्या सुट्टीत ब्लॉगवर टाकला. लोकांनी हसरे चेहरे डकवले. चाळीस तरी असतील.

खाला, तो बाण मी उलटवला होता.

पहिल्याच दिवशी तुम्ही शिकवलं होतं, पान उलटतं, वस्तू उलटत नाही. चित्रांचा क्रम फिरवायचा, पण बटण, बाण, घड्याळ जसंच्या तसं ठेवायचं. पुस्तिका छपाईला जायच्या त्या गुरुवारी दुपारी चव्वेचाळीस चित्रं बाकी होती आणि मला चुलतबहिणीच्या साखरपुड्याला पळायचं होतं. प्रोग्राममध्ये 'सगळी चित्रं उलटवा' अशी एक चौकट असते ना, तिच्यावर मी खूण केली. तुम्ही विचारलंत, "एकेक बघितलंस ना गं?" मी म्हटलं, बघितलं. "मग मी कशाला पुन्हा बघू," म्हणून तुम्ही सही केलीत.

पुढे हिवाळ्यात झरक्याच्या त्या सुताराचे दोन्ही हात भाजले. चौकशीत साहेबांनी विचारलं, "शेवटची सही कुणाची?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी कॉम्प्युटरकडे. तुम्ही म्हणालात, "सही माझी आहे." बावीस वर्षांची नोकरी त्या तीन शब्दांत गेली.

तुम्हाला काही कळलं नाही, दोष प्रोग्रामचा असं तुम्ही धरून चालला असाल, अशी मी मनाची समजूत घातली होती. सात वर्षं तिच्यावर छान चालली.

काल जेवताना आपले जुने साहेब, अबू फादी, ताट घेऊन शेजारी आले. "तुझा ब्लॉग वाचतो हं," म्हणाले. "सौसन म्हणाली होती ते खरं निघालं."

"काय म्हणाली होती?"

"जाताना एकच मागून गेली. म्हणाली, पोरगी घाबरून खोटं बोलली आहे, पण तिला काढू नका. तिच्याइतकं सोपं लिहिणारं तुम्हाला मिळायचं नाही. मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

म्हणजे तुम्ही सगळं जाणून सही आपली म्हणालात, आणि मी त्या दिवसापासून सल्तला गेले तरी तुमच्या गल्लीतून जायचं टाळत आले. मला फार लाज वाटते आहे, खाला. सकाळपासून चार कागद फाडले.

तो विनोद मी काल दुपारीच काढून टाकला. त्या जागी दुसरं लिहिलं. 'चूक झाली' असं लिहिलं की तुम्ही लाल रेघ मारायचात. "झाली म्हणजे? आपोआप झाली? कुणी केली ते लिही." म्हणून पहिलंच वाक्य असं आहे: 'पान चौदावरचा बाण मी, रिहाब नुसैरात, उलटवला आणि सौसन हियारींशी खोटं बोलले.' खाली लोक काय म्हणताहेत ते अजून उघडून पाहिलेलं नाही. शनिवारी झरक्याला त्या सुताराच्या घरी जाते आहे. तो दार उघडेल की नाही, माहीत नाही.

माफी कशी मागू? ती तुम्ही मला न सांगता तेव्हाच देऊन टाकलीत, आणि तेच सोसवत नाही. एकदा येऊन मला रागावा. नाहीतर मी येते, तुम्ही दारातच रागावा.

तुमच्या सहीच्या आड सात वर्षं लपून बसलेली,
रिहाब