सुमनताईंचा अंगठा

रविवार, मुरबाड. दिवेलागणीची वेळ.

आज शहापूरला जाऊन आले. सुमनताईंचं शेवटचं प्रिंट अखेर घरी आलं, पण मन अजून तिथंच आहे.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात लुळा पडला. त्याआधी त्यांनी लाकडी ठसा कोरून छापलेल्या माहुली डोंगराच्या चित्राच्या प्रती तशाच पडून होत्या, सहीविना. माझ्याकडं त्यांची आधीची सगळी प्रिंटं आहेत. प्रत्येकाखाली पेन्सिलीनं प्रतीचा नंबर आणि ती ठसठशीत सही. हेही सहीसकटच हवं होतं. मागावं की नको? हावरेपणा तर नाही ना माझा?

त्यांची वहिनी दारातच म्हणाली, "सहीचं नको काढू गो. रडल ती."

म्हणून मी नुसतं प्रिंट मागितलं. तर ताईच म्हणाल्या, "बिनसहीचं नेशील? तू?"

डाव्या हातात पेन्सिल धरून त्यांनी रद्दी कागदावर सही करून पाहिली. "ही माझी नाय," म्हणाल्या आणि पेन्सिल ठेवली. मग त्यांनी वहिनीला छपाईची काळी शाई आणायला सांगितली. डाव्या हातानं उजवा हात उचलला, अंगठा शाईत टेकवला आणि चित्राखालच्या कोऱ्या जागेत दाबला.

"कोरलं ह्याच हातानं. मग सही पण ह्याचीच."

आता तो अंगठा समोर आहे. रेषा स्वच्छ उठल्यात, मधोमध कोरायचं हत्यार लागल्याचा जुना व्रण. सहीपेक्षा हा अंगठाच जास्त त्यांचा वाटतोय.

मी निघाले तेव्हा ताई वहिनीला सांगत होत्या, "बाकीच्या प्रती पण काढ. शाई झाकू नको इतक्यात."