अक्काचा होकार

७ मे २०१८, लातूर

मनस्विनी येऊन गेली. टॅबलेट, एक लाल गोल बटण आणि ते पलंगाला अडकवायचा वाकणारा दांडा — एवढं ठेवून गेली. नांदेडच्या एका संस्थेत ती वाचा-उपचार करते. आल्या आल्या चहा नको म्हणाली. सरळ मधल्या खोलीत गेली, अक्काच्या पलंगाशी खुर्ची ओढली आणि अक्काशीच बोलत बसली. मी मागे उभी, पाहुणी असल्यासारखी.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची, मन्मथची, मोठी बहीण. त्र्याण्णवच्या भूकंपात भिंतीखाली सापडली तेव्हा तेरा वर्षांची होती. जीव वाचला. बोलणं गेलं, हातपाय आखडले. मान तेवढी थोडी वळते. अव्वा, माझ्या सासूबाई, होत्या तोवर तिचं सगळं त्यांनी केलं. गेल्या वर्षी त्या गेल्या. आता मी करते.

इथे तरी खोटं लिहायला नको. जूनमध्ये आम्हा दोघांच्या क्लासची नवी बॅच येतेय. मुलींना राहायला वरच्या खोल्या पुरत नाहीत. मधली खोली मोकळी झाली तर चार कॉट बसतात. संस्था अक्काला कायमची राहायला घ्यायला तयार आहे, पण त्यांची अट आहे — माणूस मोठं असेल तर त्याने स्वतः हो म्हटलं पाहिजे. घरच्यांनी म्हटलेलं चालत नाही.

म्हणून हे बटण. अक्काला बोलता यावं म्हणून नव्हे. तिने हो म्हणावं म्हणून.

९ मे

मुलांना पेशीविभाजन शिकवते मी, वाटलं हे दहा मिनिटांचं काम असेल. टॅबलेटवर अक्षरांचा कीबोर्ड दिसतो. त्यातली एकेक ओळ आपोआप पिवळी होत खाली जाते. हवी ती ओळ पिवळी झाली की बटण दाबायचं. मग त्याच ओळीतलं एकेक अक्षर पिवळं होतं, पुन्हा दाबायचं. झालं अक्षर. ऐकायला सोपं आहे.

बटण हाताशी लावलं, तर तिची मूठ उघडेना. गुडघ्याशी लावलं, तर पाय एकदा टेकला की तिथून निघेना. तोवर पिवळी ओळ कुठल्या कुठे. मनस्विनीला फोन केला.

"मान वळते ना त्यांची? गालाजवळ लावा. आणि वहिनी, तुम्ही लई घाई करून राहिल्या. वेग कमी करा. तुम्हाला कंटाळा येईल इतका कमी."

गालाजवळ लावलं. वेग कमी केला. पिवळी ओळ आता मुंगीसारखी चालली. अक्काने मान वळवली, टक् झालं, ओळ थांबली.

तिने माझ्याकडे बघितलं. मी "शाब्बास" म्हटलं. लहान पोराला म्हणतात तसं. ती अडतीस वर्षांची आहे. माझ्यापेक्षा मोठी.

११ मे

आज 'क' आला. एका अक्षराने तिला घाम फुटला.

१४ मे

आज तिने 'पा' लिहिलं. मी लगेच उठले, पाणी आणलं, चमच्याने पाजलं. ती प्याली. मला इतका आनंद झाला की मन्मथला वर्गात मेसेज केला — अक्काने पाणी मागितलं!

ती पुन्हा लिहायला लागली. पुन्हा 'पा'. म्हटलं, एवढी तहान? उन्हाळाच आहे. पुन्हा पाणी. थोडं मानेवर सांडलं. तिने तोंड घट्ट मिटलं. मी म्हटलं, मग मागता कशाला अक्का?

तिसऱ्यांदा मी बसून राहिले, कारण माझा फोन वाजत होता. फोनवर बोलत होते तेवढ्यात तिला वेळ मिळाला. फोन ठेवून बघते तर पडद्यावर — पाय.

चादर उचलली. उजवा पाय दुसऱ्याखाली मुडपलेला. घोट्याशी लालभडक वळ. सकाळी कूस बदलताना मीच तसा ठेवला असणार.

किती वर्षं आम्ही असे तिचे शब्द पूर्ण करत आलोय? मन्मथच्या मेसेजला उत्तर आलं होतं — व्वा. ते तसंच राहू दिलं.

२४ मे

मनस्विनीने गेल्या आठवड्यात सांगितलं, अक्षरांचा सराव चालू ठेवा, शिवाय एक वेगळं पान करा. दोनच मोठे चौकोन — हो आणि नाही. दोघांवर पिवळा रंग सारखाच वेळ थांबला पाहिजे.

पान केलं. रोज सराव घेते. चहा हवा? हो. पंखा मोठा करू? हो. उशी नीट करू? हो. आज भांडी आवरताना लक्षात आलं — ज्याचं उत्तर नाही येईल असा एकही प्रश्न मी आठवडाभरात विचारला नाही. क्लासमध्ये परीक्षेआधी आम्ही हेच करतो. जे पेपरात यायला हवं, तेवढंच घोटून घेतो.

मन्मथ दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "हाव, असंच चालू दे. सवय लागू दे तिला."

मी पुढचा प्रश्न विचारला. गाणी लावू? हो.

२ जून

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

मनस्विनी आली. मन्मथने दुपारची बॅच सोडून दिली, आम्ही तिघं पलंगाभोवती. ती अक्काच्या डोळ्यांसमोर येईल अशी बसली. म्हणाली, "अक्का, तुम्हाला आमच्याकडे नांदेडला राहायला यायचंय का? घाई नाही. आज नाही सांगितलं तरी चालतं."

पिवळा रंग हो वरून नाही वर, नाही वरून हो वर. अक्का दाबेना. ती मन्मथकडे बघत होती. तो खिडकीकडे. रंग फिरत राहिला.

स्वयंपाकघर लागूनच. मी भात लावला होता. कुकरची शिट्टी झाली.

मोठा आवाज झाला की अक्काचं सगळं अंग दचकतं. दार आपटलं, फटाका वाजला, तरी तेच. ते तिच्या हातात नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे. आजही दचकली, मान बटणावर आपटली, टक् झालं. रंग तेव्हा हो वर होता.

मनस्विनीला काय ठाऊक? तिने टॅबलेटकडे बघितलं, मग अक्काकडे. "हो म्हणालात?"

अक्काचे डोळे माझ्याकडे वळले. मान पुन्हा बटणाकडे यायला लागली, हळूहळू, ती नेहमी आणते तशी. मी टॅबलेट उचलून घेतला.

"दमल्या असतील," मी म्हणाले.

मनस्विनी हो लिहून घेऊन गेली. मन्मथ दोनदा भात वाढून घेऊन जेवला.

३ जून

अक्काचं अंग पुसताना आज तिने डोळे मिटून घेतले. रोज मिटत नाही.

५ जून

सकाळची बॅच सुटल्यावर मन्मथला रिकाम्या वर्गात गाठलं. घरी बोलायची सोय नाही. तिथे बोललेलं अक्काला ऐकू जातं — हे आपण इतकी वर्षं विसरून वागलो, आता बरं आठवतंय.

म्हटलं, "तिने दाबलं नाही त्या दिवशी. कुकरची शिट्टी झाली म्हणून मान हलली."

तो फळा पुसत होता. पुसून झालेली जागा पुन्हा पुसत राहिला.

"मला बी कळलं होतं," म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू का न्हाई बोललीस?"

मी बेंचावर बसले. तोही बसला, पोरांच्या बाकावर, गुडघे वर येऊन. म्हणाला, "मला शिकायला हितं मामाकडं ठेवलं. तिला बी यायचं होतं. रडली होती. अव्वा म्हणली, पोरीनं शिकून काय करायचंय, घरी कामाला कोण हाय? मी हितं झोपलो होतो, अपूर्वा, जमीन हलली तवा. ती तिथं होती." मग पुढची बॅच जिन्यावर चढायला लागली तसा उठला. "आता परत नाही म्हणालो तर पोरींना काय सांगू? ॲडमिशन घेतल्यात आपण."

तो वाईट माणूस नाही. मीही नसेन. हेच तर.

६ जून

मनस्विनीला फोन केला. सांगून टाकलं. तो हो धरू नका, तो तिचा नाही. मला कळलं होतं. मी मुद्दाम टॅबलेट उचलला.

ती म्हणाली, "मला सांगितलंत, बरं केलंत. पण वहिनी, चूक माझ्याशी नाही झालेली. त्यांना सांगा."

फोन ठेवून मी उगाच कपाट आवरत बसले.

७ जून

सांगितलं. पलंगाशी खाली बसून सांगितलं, म्हणजे तिला वर बघावं लागू नये. खोलीचं, मुलींचं, कॉटचं, सगळं. पंधरा दिवस फक्त हो हो घोटून घेतल्याचं पण. माझं रडू आवरेना आणि त्याचीच लाज वाटली — म्हणजे आता तिनेच मला समजून घ्यायचं का?

बटण गालाशी लावून मागे सरले. अक्षरांचा कीबोर्ड लावला. ओळ चालू लागली. काही सुचवायचं नाही, उठायचं नाही, असं ठरवलं होतं. ती सातवीपर्यंत शिकलेली. गावाकडं बोलायचे तसंच लिहिते.

म्हाईत हाय.

मी म्हटलं, "काय माहीत आहे?" ती पुन्हा लिहायला लागली. गल्लीत भाजीवाला येऊन गेला. शेजारणीने हाक मारली, मी ओ दिली नाही.

तू कदी सांगतीस बगत होते.

९ जून

आज मन्मथ आणि मी दोघं. तो आत येताना नेहमीसारखा तरातरा येईना, उंबऱ्याशी घुटमळला. म्हणाला, "अक्का, तू हितंच राहा. मी पोरींचं बघतो काहीतरी."

मनातून मला वाटत होतं, ती आता राहते म्हणेल. आम्ही खरं बोललो, तिने माफ केलं, असं काहीतरी होईल. मी चहाचं आधण ठेवूनच आले होते.

अक्का लिहीत राहिली.

जाते.

मन्मथ म्हणाला, "रागानं म्हणायलीस का?" मी त्याचा हात धरला. तिला लिहू दे.

दार न्हाई.

आम्ही दोघंही या खोलीकडे बघत राहिलो. मधली खोली. एका बाजूला बैठक, एका बाजूला स्वयंपाकघर, दोन्हीकडे नुसते पडदे. तेही दिवसभर वर खोचलेले, ये-जा सोपी पडावी म्हणून. मुली पाणी भरायला इथूनच जातात. मन्मथचे मित्र इथूनच मोरीकडे जातात. मी तिचे कपडे बदलते, अंग पुसते, ते इथेच. कुणी आलं तर चादर ओढते. कधी ओढायची राहते.

पंचवीस वर्षं.

मन्मथ चटकन म्हणाला, "दार बसवतो. उद्या सुतार आणतो. दोन्हीकडं बसवतो."

तिने पुढे लिहिलं नाही. डोळ्यांनी मला टॅबलेटच्या कोपऱ्याकडे दाखवलं, दोनदा. मला उशिरा कळलं — तिला ते दुसरं पान हवं होतं. लावलं. रंग हो वर आला, पुढे गेला. तिने शांतपणे मान वळवली.

नाही.

इतके दिवस सराव घेतला, हा शब्द तिने पहिल्यांदा दाबला.

१६ जून

अक्का गेली. संस्थेची गाडी आली होती. मनस्विनीने सगळं पुन्हा विचारलं, आमच्यापैकी कुणालाही खोलीत न ठेवता. पडदे सोडून. आम्ही बाहेर गल्लीत उभे होतो, परीक्षेच्या निकालाला उभे राहतात तसे.

गाडीत बसवल्यावर मन्मथने तिच्या पायांवरची शाल नीट केली. आधी विचारलं, "करू का?" तिने डोळे मिचकावले. तो पाठ फिरवून चालायला लागला आणि कोपऱ्यापर्यंत थांबला नाही.

मी तिच्या कानाशी काहीतरी बोलायला वाकले. "नीट राहा," म्हटलं. ती कुठे जाते हे माहीत असून, ती कशी राहील हे काहीच माहीत नसल्यासारखं.

२१ जून

मधल्या खोलीत काल कॉट लागल्या. चौघीजणी आल्या. त्यातल्या धर्माबादच्या मुलीने बॅग खाली ठेवायच्या आधी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडम, हिथं दार नाही का?"

म्हटलं, उद्या सुतार येतोय.

आज आला. दुपारपर्यंत दोन्ही दारं बसली. इतकं सोपं होतं.

४ जुलै

मन्मथ नांदेडला जायचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. काय तोंड घेऊन जायचं?

११ ऑगस्ट

शेवटी उद्याच्या रविवारी जायचं ठरवलं. शेंगदाण्याची चटणी कुटली, तिच्यासाठी दोन मऊ गाऊन शिवून आणले, सकाळच्या एसटीची वेळ बघून ठेवली. कळवलं पाहिजे, म्हणून मनस्विनीला मेसेज केला. ती म्हणाली, मला नका विचारू, हा त्यांचा नंबर.

अक्काचा नंबर. तिलाच लिहिलं — उद्या येऊ का? संध्याकाळी उत्तर आलं.

उद्या नको. नवी पोरगी आलीय. तिला बटन शिकवायचं हाय. बुधवारी ये.