गोंड्यांची चौथी ओळ

तीर्थस्वरूप मामांस,

हिरव्या रंगाने बरबटलेले दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे बाकीचे आहेत; मी आठ दिवस गल्लीच्या मागच्या बाजूने ये-जा करतो आहे.

नव्या बिशपांच्या खुर्चीमागचा फलक रंगवायचं काम मला मिळालं, हे तुमच्या कानावर आलंच असेल (मीच गावभर सांगत सुटलो होतो). प्रत्येक बिशपांचं स्वतःचं एक मानचिन्ह असतं. मधे ढाल; यांच्या ढालीवर सुई, कारण यांच्या आईने लोकांचे कपडे शिवून यांना शिकवलं. खाली पट्टीवर यांनी निवडलेलं वाक्य, ‘खरे ते बोला’. वर हिरवी टोपी आणि तिला दोन्ही बाजूंनी लोंबणारे गोंडे. पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन. त्याखाली मात्र वीतभर जागा नुसती भकास. रिकामी जागा म्हणजे पेंटरचा आळस, ही तुमची शिकवण माझ्या हाडीमाशी भिनलेली. मी दोन्हीकडे चार-चार गोंड्यांची आणखी एक ओळ काढली. ती इतकी झोकात जमली, की मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली (त्यात शर्ट गेला).

मला काय ठाऊक, की गोंडे ही शोभा नसून हुद्दा आहे! सहा-सहा गोंडे बिशपांचे आणि दहा-दहा आर्चबिशपांचे, म्हणजे त्यांच्या वरच्या साहेबांचे. हे वरचे साहेब नव्या बिशपांच्या पदग्रहणाच्या दिवशी पहिल्याच रांगेत बसलेले. त्यांनी चष्मा पुसला, बोटाने गोंडे मोजले, पुन्हा मोजले, आणि शेजारच्या फादरांना विचारलं, की मग मी आता घरी जाऊ का. अख्खी रांग हसली. नव्या बिशपांचे कान लाल झाले. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

पण मामा, इथवर नुसती चूक होती. पुढचं लिहायला हात धजत नाही. समारंभ संपल्यावर बिशपांनी मला फलकापाशी बोलावून शांतपणे विचारलं, हे असं कसं झालं? आणि मी, त्या ‘खरे ते बोला’च्या बरोबर खाली उभा राहून, म्हणालो, “टोपीचं काम माझ्या मामांनी केलं. त्यांचं वय झालंय, हात थरथरतो, मोजण्यात चूक होते.”

त्यांनी ढालीवरच्या सुईकडे पाहिलं. मग म्हणाले, “आईचाही हात शेवटी थरथरायचा. दोरा मी ओवून द्यायचो.”

फलक दुरुस्त केला आहे. मामींना नमस्कार सांगावा.

तुमचा नालायक भाचा

ता. क. बिशप येत्या गुरुवारी चार वाजता मुद्दाम तुम्हाला भेटायला येत आहेत. त्यांच्यासमोर कपबशी जरा थरथरत्या हाताने धरलीत, तर फार उपकार होतील.

ता. क. २. वरचं वाचू नका. मागच्या वेळी तुम्ही चहा दिलात तेव्हा कप बशीवर खरंच वाजत होता. मी पाहिलं, आणि रेडिओ मोठा केला. गुरुवारी मी साडेतीनलाच येतो. त्यांना काय ते मीच सांगेन. तुम्ही नुसते बसा. चहा मी ओततो.