शर्टांखाली सापडलेला रिपोर्ट

प्रजीश,

पुट्टू आणि हरभऱ्याची उसळ झाकून ठेवली आहे, खाऊन घे.

धुतलेले शर्ट ठेवायला तुझं कपाट उघडलं, तर तळाशी दोहाच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट सापडला. तेव्हा फोनवर तू आम्हाला "उन्हाने चक्कर आली" म्हणाला होतास. रिपोर्टात मेंदूत रक्तस्राव झाल्याचं स्पष्ट लिहिलंय.

काल डॉक्टरांनी विचारलं, "मेंदूतल्या या रक्तवाहिन्यांच्या गुंत्यातून आधी कधी रक्तस्राव झाला होता का? एकदा फुटलेला गुंता पुन्हा फुटायची भीती जास्त असते, त्यात तुझा खूप खोलवर आहे." माझ्याकडे न बघता तू "नाही" म्हणालास.

सख्ख्या मोठ्या बहिणीसमोर खोटं का बोललास? की लग्नाआधी हे लेखाला आणि तिच्या घरच्यांना कळू द्यायचं नव्हतं? साखरपुड्याची एवढी घाई त्यासाठीच होती का?

रिपोर्ट घेऊन मी डॉक्टरांकडे निघाले आहे. अम्माला यातलं काही माहीत नाही, निदान मला तरी तसं वाटतंय. अकरापर्यंत रिक्षाने ये, बाईक काढू नकोस. तू आला नाहीस, तर लेखाला मी तिथूनच फोन करीन.

चेची